मुंबईतल्या घरबागेत करवंदाची जाळी: बी पेरण्यापासून फळ हाती येईपर्यंत

रानातलं एखादं आंबटगोड फळ आपल्या घरी लागावं, असं मुंबईत पुष्कळ जणांना वाटतं. परदेशातले व्हिडिओ पाहून गुजबेरीचं बी मागवणारेही भेटतात. ते पैसे वाया जातात. ती गुजबेरी थंड मुलखातली. हिवाळ्यात कित्येक आठवडे कडाक्याची थंडी मिळाल्याशिवाय तिच्यावर नीट बहर येत नाही, आणि मुंबईत जानेवारीच्या पहाटेसुद्धा पारा क्वचितच १२-१३ अंशांखाली उतरतो. शाळेबाहेर तिखटमीठ लावून मिळतो तो राय आवळा इथे छान येतो, पण त्याचं पुढे झुडूप न राहता झाड होतं. तुम्हाला झुडूपच हवं असेल, गच्चीवर किंवा सोसायटीच्या कंपाउंडमध्ये मावेल असं, तर करवंद लावा.

करवंदीला मुंबई नवी नाही. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, येऊर, तुंगारेश्वर, कर्नाळा, माथेरान, जिथे म्हणून मुरमाड उतार आणि उघडं ऊन आहे तिथे ती आपली आपण वाढते. तिथे तिला काय मिळतं ते नीट पाहा. चार महिने धो धो पाऊस, पण उतारावर एक थेंबही साचत नाही. दिवाळीनंतर जवळजवळ सात महिने पाणी नाही. सावली नाही. खत म्हणाल तर गळलेला पाला आणि गुरांचं शेण पडेल तेवढंच. एवढ्यावर ती मे महिन्यात फळांनी लगडते. घरी आणलेली करवंदी हिरवीगार होऊन नुसती उभी राहते आणि फळ धरत नाही, ह्याचं कारण बहुतेक वेळा इतकंच असतं की तिला सावलीत ठेवून रोज पाणी आणि महिन्याला खत दिलं जातं. ह्या लेखातली प्रत्येक पायरी त्या डोंगरउताराकडे बघून ठरवली आहे.

आधी जागा, मग रोप

रोप आणण्याच्या आधी डिसेंबरमध्ये आपल्या जागेवर ऊन किती येतं ते बघा. हे मी मुद्दाम सांगते, कारण मुंबईत उन्हाची दिशा वर्षभरात बरीच बदलते. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे उत्तरेकडच्या बाल्कनीतही तेव्हा ऊन दिसतं. हिवाळ्यात तो दक्षिणेकडे कलतो आणि तीच बाल्कनी दिवसभर सावलीत जाते. करवंदीला फुलं येतात ती साधारण जानेवारी ते मार्च ह्या काळात. म्हणजे तिला ऊन हवं असतं नेमकं हिवाळ्यात. डिसेंबरमध्ये जिथे किमान सहा तास थेट ऊन मिळतं तीच करवंदीची जागा. दक्षिणेकडची बाल्कनी चालेल, उघडी गच्ची सगळ्यांत उत्तम. समोर टॉवर उभा असेल आणि ऊन दोन तासच येत असेल, तर करवंद लावू नका. झाड जगेल, पण फळ येणार नाही.

खिडकीच्या बाहेर काढलेल्या ग्रिलमध्येही करवंदी ठेवू नये. एक तर तिथे कुंडीला हवा तेवढा खोलपणा मिळत नाही, आणि दुसरं म्हणजे काटे. करवंदीचे काटे दोन तोंडांचे, टणक आणि चांगले इंचभर लांब असतात. पडदा बाजूला करताना, कपडे वाळत घालताना ते डोळ्यापाशी येतात. ज्या पॅसेजमधून लहान मुलं पळतात तिथेही नको. सोसायटीत लावायची असेल तर कंपाउंडच्या भिंतीलगत, चालायच्या वाटेपासून निदान चार फूट आत लावा. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी मागच्या भिंतीलगत ओळीने लावली तर कुंपण आपोआप होतं. कोकणात बागांना करवंदीची वई असते ती ह्याच काट्यांसाठी.

समुद्रावरचा खारा वारा तिला फारसा बाधत नाही. वरळी, वांद्रे, वर्सोवा, उत्तन अशा ठिकाणी जिथे गुलाबाची पानं कडेने करपतात, तिथेही करवंदी टिकते. बोअरवेलचं थोडं मचूळ पाणीही ती सहन करते. पण कुंडीत क्षार साचत जातात, म्हणून अशा सोसायट्यांनी पावसाळ्यात कुंड्या पत्र्याखाली न ठेवता उघड्यावर ठेवाव्यात. पावसाने माती धुऊन निघते.

रोप कुठून मिळवायचं

सुरुवातीलाच एक विनंती. डोंगरावरून रोप उपटून आणू नका. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यातून रोप, फांदी, फळ काहीही उचलणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, आणि उद्यानाबाहेरच्या माळावरूनही हे करू नये. कातळाच्या भेगेत खोल गेलेलं मूळ उपटताना तुटतं, आणि तसं रोप घरी आणून बहुधा मरतंच. शिवाय ज्या ठाकर आणि कातकरी बायका मेमध्ये पहाटेपासून काट्यांत हात घालून करवंदं खुडतात आणि टोपल्या घेऊन स्टेशनाबाहेर बसतात, त्यांची महिनाभराची कमाई त्याच जाळ्यांवर असते.

त्यांच्याकडून फळ विकत घ्या, बी तिथूनच मिळेल. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पूर्ण काळी आणि बोटाने दाबल्यावर मऊ लागणारी करवंदं निवडा. एकाच टोपलीत वेगवेगळ्या जाळ्यांची फळं असतात, म्हणून आधी चव घ्या. ज्याचं फळ मोठं, गोड आणि कमी चिकाचं, त्याचंच बी बाजूला काढा. बियांपासून झालेलं झाड हुबेहूब आईसारखं निघेलच असं नाही, पण चांगल्या फळाचं बी घेतलं तर चांगलं फळ मिळण्याची आशा वाढते.

करवंदाच्या बीबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: ते साठवता येत नाही. भेंडी-टोमॅटोसारखं पाकिटात ठेवून पुढच्या वर्षी पेरू म्हटलं तर एकही उगवणार नाही. फळ खाल्लं की बिया चाळणीत चोळून गर पूर्ण काढा, सावलीत कागदावर काही तास सुकू द्या आणि त्याच दिवशी किंवा फार तर दोन-तीन दिवसांत पेरा. ट्रेपेक्षा खोल पिशवी किंवा कागदी ग्लास बरा, कारण मूळ सरळ खाली जातं. अर्धी माती, पाव भाग गांडूळ खत, पाव भाग जाड रेती. बी एक सेंटिमीटर खोल. ओल राहील इतकंच पाणी. दोन ते चार आठवड्यांत कोंब दिसतात. तोवर जून उजाडलेला असतो, म्हणून पिशव्या पावसाच्या थेट माऱ्यापासून दूर पण उजेडात ठेवा. पहिल्या वर्षी रोप फार सावकाश वाढतं. वीतभर झालं तरी पुष्कळ समजा.

तयार रोप घ्यायचं असेल तर नर्सरीत दोन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली ही की रोप खरंच करवंदीचं आहे का. शोभेसाठी विकलं जाणारं नाताळ प्लम नावाचं आफ्रिकी झुडूप तिचं जवळचं नातलग आहे, आणि पुष्कळ ठिकाणी ते ‘करवंद’ म्हणूनच हातात ठेवतात. त्याची पानं जाड आणि गोलसर असतात, पांढरं फूल चांगलं मोठं, आणि फळ लांबट, लालभडक. तेही फळ पिकल्यावर खाता येतं, पण त्याला आपल्या करवंदाची चव नाही. करवंदीची फुलं लहान असतात, फांदीच्या टोकाशी झुपक्याने येतात आणि त्यांना जाईच्या जवळ जाणारा वास असतो. शंका असेल तर फूल-फळ बघितल्याशिवाय घेऊ नका. ह्याच कुळात कण्हेरीसारखी विषारी झुडपंही आहेत, त्यामुळे न ओळखलेल्या झाडाचं फळ तोंडात घालायचं नाही हा नियम घरातल्या मुलांनाही सांगून ठेवा.

दुसरी गोष्ट म्हणजे रोप बियांचं आहे की गुटी कलमाचं, म्हणजे झाडावरच्या फांदीला मुळं फोडून केलेलं. बियांच्या रोपाला फळ यायला तीन ते चार वर्षं लागतात, कधी जास्तही. कलमाला दोन-तीन वर्षांत येतं आणि फळ कसं असेल हे आधी माहीत असतं. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ ही मोठ्या फळांची जात काढलेली आहे. मुंबईच्या हवेला ती साजेशी आहे, कारण कोकणातल्याच हवेत निवडलेली आहे. उत्तरेकडच्या पंतनगर विद्यापीठाच्या ‘पंत मनोहर’, ‘पंत सुदर्शन’, ‘पंत सुवर्णा’ ह्या जातीही ऐकायला मिळतात. मला विचाराल तर कुंडीसाठी कोकण बोल्डचं एक कलम घ्या, आणि त्याच्याच शेजारी स्टेशनवरच्या करवंदांच्या बियांची दोन रोपं वाढवा. रानातल्या फळाचा तो जांभळा, गडद आंबटगोडपणा मोठ्या फळांत मला तरी तितका सापडत नाही.

घरच्या घरी गुटी बांधणं

ओळखीत कुणाकडे फळ देणारी चांगली करवंदी असेल तर तिच्यापासून कलम करून घ्या. नुसती फांदी खोचून करवंदी सहसा लागत नाही. गुटी मात्र लागते. जूनअखेर ते जुलै हा काळ योग्य, कारण हवेतच ओल असते.

पेन्सिलीएवढी जाड, साधारण वर्षाची, सरळ फांदी निवडा. हातात जाड मोजे हवेत, शक्य तर चामड्याचे. कामाच्या जागेवरचे काटे आधी कात्रीने उडवा. फांदीवर दोन ते अडीच सेंटिमीटर रुंदीची गोल साल धारदार चाकूने काढा. लगेच पांढरा चीक वाहू लागेल. इथे बहुतेक जण घाई करतात. चीक ओल्या फडक्याने पुन्हा पुन्हा पुसा आणि तो थांबेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं वाट पाहा. चिकाचा थर तसाच सुकला तर मुळं फुटायला अडचण होते. मग वरच्या बाजूच्या सालीच्या कडेला मुळं फुटण्याची पावडर लावा, भिजवून घट्ट पिळलेलं मॉस (सुकं शेवाळ) मूठभर घेऊन कापलेल्या भागाभोवती बसवा, वरून पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळून दोन्ही टोकं सुतळीने आवळा. दोन-तीन महिन्यांत प्लॅस्टिकमधून तपकिरी मुळं दिसू लागतात. चांगली दाट मुळं दिसली की गुटीच्या खालून फांदी कापा, निम्मी पानं काढा आणि लहान कुंडीत लावून महिनाभर अर्धसावलीत ठेवा.

जमिनीतली करवंदी असेल तर ह्याहून सोपं आहे. जमिनीलगतची फांदी वाकवून, मधल्या भागाची साल थोडी खरवडून, तो भाग मातीत दाबा आणि वर वीट ठेवा. पावसाळा संपेपर्यंत मुळं धरतात.

कुंडी आणि माती

सुरुवातीला बारा इंची कुंडी पुरते. दुसऱ्या वर्षी मात्र ४० ते ५० लिटरच्या ड्रममध्ये किंवा अठरा इंची कुंडीत हलवा. अर्धा कापलेला निळा ड्रम स्वस्त पडतो आणि टिकतो. त्याला तळाशी बोटभर जाडीची आठ-दहा भोकं पाडा, आणि तळापासून दोन इंचांवर बाजूलाही चार भोकं पाडा. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारे २२०० ते २३०० मिलीमीटर पाऊस पडतो. तळाची भोकं गच्चीच्या लादीला चिकटून बुजली तर कुंडीची विहीर होते आणि करवंदी आठवड्यात पिवळी पडते. म्हणून ड्रमखाली तीन विटा द्या, म्हणजे पाणी वाहतं राहील आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवरही सतत ओल बसणार नाही.

वजनाचा विचार करा. ओल्या मातीचा ४० लिटरचा ड्रम साधारण ६० किलो भरतो. असे चार-पाच ड्रम जुन्या इमारतीच्या गच्चीच्या मध्यावर ओळीने ठेवू नका. भिंतीच्या कडेला, खाली बीम असेल तिथे ठेवा, आणि सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या. चाळीच्या गॅलरीत एवढा ड्रम ठेवूच नये.

आता माती. नर्सरीतून गोणीने येणारी लाल माती नुसती वापरली तर पहिल्या पावसानंतर दगडासारखी घट्ट बसते. करवंदीला मुरूम आवडतो. चार घमेली लाल माती, तीन घमेली मुरूम किंवा बारीक खडी, दोन घमेली जुनं कुजलेलं शेणखत किंवा घरच्या ओल्या कचऱ्याचं खत, आणि त्यात दोन मुठी निंबोळी पेंड. मुरूम मिळत नसेल तर विटांचे तुकडे हातोडीने हरभऱ्याएवढे फोडून घाला. कोकोपीट टाळा. ते पाणी धरून ठेवतं आणि पावसाळ्यात नेमकं तेच नको असतं. मिश्रण बरोबर झालंय का हे पाहायला कुंडी भरून वरून बादलीभर पाणी ओता. मिनिटाभरात वरचं पाणी दिसेनासं झालं पाहिजे. साचून राहिलं तर आणखी मुरूम मिसळा.

जमिनीत लावताना दीड फूट लांब, रुंद आणि तितकाच खोल खड्डा पुरतो. सोसायट्यांच्या कंपाउंडमध्ये वरच्या सहा इंचांखाली बहुतेक वेळा बांधकामाचा राडारोडा निघतो. त्यातलं प्लॅस्टिक, काच आणि सिमेंटचे गठ्ठे काढा; विटांचे तुकडे राहू द्या, ते कामाचेच आहेत. खड्ड्यात पाणी साचतं अशी सखल जागा असेल तर खड्डा करूच नका, उलट मातीचा फूटभर उंच वरंबा घालून त्यावर लावा. कुंपणासाठी दोन रोपांत दोन ते तीन फूट, फळांसाठी मोकळं झाड हवं असेल तर सात-आठ फूट अंतर ठेवा.

लावण्याची वेळ म्हणजे पहिले दोन-तीन चांगले पाऊस होऊन गेल्यावर, साधारण जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून. पिशवी कापून काढा, मातीचा गोळा फुटू देऊ नका, आणि पिशवीतल्या पातळीएवढंच रोप मातीत जाऊ द्या. बुंधा जास्त खोल गेला तर पावसाळ्यात तिथे कूज लागते.

पाणी आणि ताण

करवंदाला फळ आणण्याची किल्ली इथे आहे, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

पावसाळ्यात पाणी देऊ नका. पावसाने पाच-सहा दिवस दडी मारली आणि बोटभर खोलवर माती कोरडी लागली तरच एकदा द्या. ऑक्टोबरच्या उकाड्यात कुंडीला एक दिवसाआड पाणी लागतं, कारण तेव्हा पानं भरपूर असतात आणि ऊन कडक. दिवाळीनंतर हात आखडायचा. नोव्हेंबरच्या मध्यापासून पाणी आठवड्यातून एकदाच, तेही थोडं. बागायतदार ह्याला ताण देणं म्हणतात. पानं किंचित निस्तेज दिसतील, काही गळतीलही. घाबरू नका. डोंगरावर ह्या दिवसांत ती ह्याहून तहानलेली असते. वाढ थांबते आणि झाड फुलांच्या तयारीला लागतं. मात्र पानं दुपारनंतरही लोंबून राहिली, संध्याकाळी सावरली नाहीत, तर ताण जास्त झाला असं समजून त्याच वेळी पाणी द्या. लहान, दोन वर्षांखालच्या रोपाला असा ताण देऊ नये. त्याला आधी वाढू द्या. जमिनीत तीन वर्षं मुरलेल्या झाडाला तर हिवाळ्यात पाणी देण्याचीच गरज नसते.

जानेवारीत फांद्यांच्या टोकांना गुलाबीसर कळ्या दिसू लागल्या की पाणी हळूहळू वाढवा. एकदम बादली ओतू नका, नाही तर कळ्या गळतात. फळ वाटाण्याएवढं झालं की पुढे पाणी नियमित ठेवणं फार महत्त्वाचं. एप्रिलच्या उन्हात कुंडी दोन दिवस कोरडी पडून मग भरपूर पाणी मिळालं की हिरवी फळं ढीगभर गळतात. सुट्टीत गावी जाणार असाल तर शेजाऱ्यांना किंवा वॉचमनला चावी देऊन जा, आणि कुंडीवर सुक्या पाल्याचं दोन इंचांचं आच्छादन घाला.

खताचं थोडक्यात सांगते. जूनमध्ये ड्रमला किलोभर कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड, आणि सप्टेंबरअखेर अर्धा किलो गांडूळ खत. एवढंच. युरिया नको, दर आठवड्याचं जीवामृतही नको. नत्र जास्त झालं की लांबच लांब लुसलुशीत फांद्या सुटतात, फळ मात्र येत नाही. जमिनीतल्या मोठ्या झाडाला वर्षाकाठी पाच ते दहा किलो शेणखत, जूनच्या तोंडावर.

छाटणी

छाटणी वर्षातून एकदा, फळं संपल्यावर. म्हणजे जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत, पाऊस उघडेल त्या दिवशी. करवंदीची फुलं फांद्यांच्या टोकांकडे येतात. पावसाळ्यात फुटलेल्या ह्या नव्या फांद्याच हिवाळ्यानंतर फुलतात. म्हणून ऑक्टोबरनंतर कात्री लावली तर पुढच्या वर्षीचं फळच छाटून टाकल्यासारखं होतं. सोसायटीत माळी कुंपणाला दर दोन महिन्यांनी सपाट कापतात, त्या कुंपणाला करवंदं कधीच दिसत नाहीत, ती ह्यामुळे. माळ्याला हे एकदा समजावून सांगा. फळ हवं असेल तर रस्त्याकडची बाजू कापा आणि आतली बाजू मोकळी सोडा.

कुंडीतल्या झाडाची उंची चार फुटांवर राखावी. मधोमध वाढणाऱ्या, एकमेकींत अडकलेल्या फांद्या काढा, म्हणजे ऊन आत जाईल आणि फळ खुडताना हात घालायला जागा मिळेल. वाळलेली फांदी हिरव्या भागापर्यंत खाली येऊन कापा. दर तीन वर्षांनी जूनमध्ये झाड ड्रममधून काढून कडेची गोल फिरलेली मुळं दोन इंच छाटा आणि नव्या मातीत पुन्हा बसवा.

कापलेल्या फांद्यांचं काय करता ह्याकडे माझं खास सांगणं आहे. त्या ओल्या कचऱ्याच्या पिशवीत कधीही टाकू नका. सफाई कामगार त्या पिशव्या हातांनी उचलतात आणि हे काटे रबरी मोजे सहज भेदतात. फांद्या गच्चीच्या कोपऱ्यात पूर्ण वाळू द्या, बोटभर लांबीचे तुकडे करा, जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात भरा, खोकं चिकटपट्टीने बंद करून वर ‘काटे’ असं मोठ्या अक्षरात लिहा आणि कामगाराच्या हाती सांगून द्या.

कीड आणि पाहुणे

करवंदीला फार रोग होत नाहीत. फुलोऱ्याच्या सुमारास कोवळ्या टोकांवर पिठ्या ढेकूण किंवा मावा दिसतो. मुंग्यांची रांग खोडावरून वर जाताना दिसली की समजा वर मावा किंवा पिठ्या आहे. आधी पाण्याचा जोरदार फवारा मारून धुवा. मग एक लिटर कोमट पाण्यात पाच मिलीलिटर कडुनिंबाचं तेल आणि दोन-तीन थेंब भांडी घासण्याचा द्रव साबण घालून, नीट ढवळून, संध्याकाळी फवारा. आठवड्याने पुन्हा. झाड फुलावर असताना उमललेल्या फुलांवर फवारा नको. मधमाश्या, फुलपाखरं आणि रात्रीचे पतंग त्यांच्यावर येतात आणि फळधारणा त्यांच्याच जिवावर असते.

पावसाळ्यात कधी बोटाएवढी जाड हिरवी अळी पानं फस्त करताना दिसेल, अंगावर डोळ्यांसारखे दोन निळे ठिपके असलेली. ती कण्हेरीवरही येणाऱ्या मोठ्या हिरव्या पतंगाची अळी. एक-दोन असल्या तर मारू नका. मोठ्या झाडाला त्यांचा त्रास नाही, आणि तो पतंग दिसायला अतिशय देखणा आहे. लहान रोपावर असल्या तर मात्र कागदाने उचलून कंपाउंडमधल्या कण्हेरीवर सोडा.

फळ काळं होऊ लागलं की बुलबुल, कोकीळ, खारी येतात, रात्री वटवाघळंही. नायलॉनची बारीक जाळी झाडावर टाकू नका, पक्षी तिच्यात अडकून मरतात. जे घोस आपल्यासाठी हवेत त्यांना मलमलीच्या लहान पिशव्या बांधा. बाकीचे पाखरांना राहू द्या. करवंदीच्या काट्यांत मांजर शिरत नाही, म्हणून बुलबुल कधी कधी आत घरटंही करतात. तसं दिसलं तर पिल्लं उडेपर्यंत छाटणी पुढे ढकला.

फळ खुडणं आणि स्वयंपाकघर

फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत तीन-साडेतीन महिने जातात. फळ हिरव्याचं तांबूस, मग जांभळं, मग काळं होतं. काळा रंग आला तरी लगेच खुडू नका, आणखी दोन-तीन दिवस थांबा. बोटाने हलकं फिरवल्यावर देठापासून सुटलं तर ते पिकलं. लालसर तोडलेलं फळ घरात रंग बदलतं, पण गोडी येत नाही. मुंबईत पाऊस साधारण १० जूनच्या आसपास येतो, त्याआधी सगळी पिकलेली फळं काढून घ्या. पहिल्या सरींत ती फुटतात आणि त्यांच्यावर बुरशी धरते. चांगलं वाढलेलं जमिनीतलं झाड चार-पाच किलो फळ देतं. ड्रममधल्या झाडाकडून किलो-दीड किलोची अपेक्षा ठेवा, पहिल्या बहरात तर ओंजळभरच.

पिकलेलं करवंद दातांनी अर्धं करून कोंबडा की कोंबडी हे मुलांना पाहू द्या. आतून लाल तो कोंबडा, पांढरी ती कोंबडी. चिकामुळे ओठ चिकट होतात, म्हणून फळं आधी मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवून मग धुवावीत.

कच्ची करवंदं एप्रिलमध्ये काढावी, आतलं बी अजून कोवळं आणि पांढरं असताना. त्यांची चटणी सगळ्यांत झटपट होते: दहा-बारा करवंदं बिया काढून, मूठभर ओलं खोबरं, दोन हिरव्या मिरच्या, मीठ, आणि आंबटपणा पाहून गुळाचा खडा. लोणच्यासाठी अर्धा किलो करवंदं उभी चिरून, बिया काढून, ८० ते १०० ग्रॅम मीठ लावून रात्रभर ठेवा. सकाळी सुटलेलं पाणी फेकू नका, त्यातच मोहरीची पूड, तिखट, हळद, हिंग आणि गार केलेली फोडणी कालवा. तांबूस, अर्धवट पिकलेली फळं मुरंब्याला आणि जेलीला उत्तम, कारण त्यांच्यात पेक्टिन भरपूर असतं आणि पाक पटकन धरतो. बेकरीच्या केकवर दिसणारी लाल चेरीही आपल्याकडे पुष्कळदा साखरेत मुरवून रंगवलेली करवंदंच असतात. घरी करायची तर रंगाशिवायही ती छान होते.

चिरायला बसण्यापूर्वी विळीच्या पात्याला आणि बोटांना खोबरेल तेल लावा. चीक एकदा वाळला की साबणाने निघत नाही. तेल लावायचं राहून गेलं असेल तर आता तेल चोळा, पाच मिनिटं थांबा, मग बेसनाने धुवा. कपड्यांवर पडलेला करवंदाचा जांभळा डाग मात्र सहसा जात नाही, तेव्हा जुना कपडा अंगावर घालूनच बसा.